गाणारी आणि नाचणारी एकच : यमुनाबाई वाईकरांची घडण

१/
मराठी चित्रपटातली एखादी गाजलेली लावणी आठवा. ‘सांगत्ये ऐका’मध्ये नाचल्या जयश्री गडकर, आवाज होता आशा भोसले यांचा. ‘पिंजरा’मध्ये नाचल्या संध्या, आवाज होता उषा मंगेशकर यांचा. एकीने गायचे आणि दुसरीने नाचायचे, ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की लावणी पहिल्यापासून अशीच होती, असे वाटू लागते. लावणीच्या मूळ घरात मात्र अशी वाटणी नव्हती. जी गायची तीच भाव दाखवायची. आजचा थ्रेड या घरात घडलेल्या एका कलावतीच्या सुरुवातीच्या वर्षांवर : यमुनाबाई वाईकर.

२/
यमुनाबाई विक्रम जावळे यांचा जन्म ३१ डिसेंबर १९१५ रोजी सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या नुने-कळंबे या गावी झाला. पुढे नावापुढे लागले ते ‘वाईकर’. वाई म्हणजे कृष्णाकाठचे घाट, देवळे आणि शास्त्री-पंडितांची परंपरा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम याच गावातून झाले. एकाच गावात ज्ञानाच्या दोन परंपरा नांदत होत्या. एक पोथ्यांतून चालणारी, दुसरी गळ्यातून गळ्यात जाणारी. पहिलीला मान होता. दुसरीला श्रोते होते, पण मान नव्हता.

३/
यमुना जन्मली ती कोल्हाटी समाजात. कोलांट्या मारणे, दोरीवरून चालणे, बांबूवर तोल सांभाळणे, गावोगावी खेळ दाखवून पोट भरणे हा या समाजाचा पारंपरिक व्यवसाय. आज महाराष्ट्रात तो भटक्या जमातींच्या यादीत आहे. जमिनीचा तुकडा नाही, कायमचे घर नाही. शरीर आणि गळा एवढेच भांडवल. या समाजातल्या अनेक घरांत मुलींच्या नाचगाण्यावर सगळ्या कुटुंबाची गुजराण होत असे. यमुनाची आई गीताबाई हीसुद्धा गाऊन-नाचून पोट भरणारी. मुलीची पहिली गुरू तीच.

४/
लहानगी यमुना आईबरोबर दारोदार, बाजाराच्या वाटेवर गात हिंडली. हे शिक्षण कठोर होते. वाटसरूला थांबवायचे तर पहिल्याच ओळीत थांबवावे लागते. तो बैठकीला आलेला रसिक नसतो. बाजारहाट करून घरी निघालेला, घाईतला माणूस असतो. त्याच्या कानापर्यंत शब्द स्पष्ट पोहोचला नाही तर पैसा पडत नाही. डोळ्याला डोळा भिडला नाही तर तो पुढे निघून जातो. शब्द स्वच्छ टाकणे आणि तो चेहऱ्यावर आणणे ही दोन्ही कामे रस्त्यावर एकाच वेळी करावी लागतात.

५/
वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास यमुना संगीत बारीत दाखल झाली. इथे थोडे थांबू या, कारण ‘तमाशा’ या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक आहे ढोलकी-फडाचा तमाशा. त्यात गण, गौळण, बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे नाट्यकथा असते. मोठा फड, यात्रेतली कनात, सोंगाड्या, सरदार असा सगळा जामानिमा असतो. दुसरी आहे संगीत बारी. तिच्यात वग नसतो. गाणे, नाच आणि अदा एवढ्यावरच तिचा सगळा डोलारा उभा असतो.

६/
संगीत बारीची रचनाही निराळी. पार्टी बहुधा एखाद्या बाईच्या नावाने चालते, मालकीण तीच. बहिणी, भाच्या, मुली अशा एकाच गोतातल्या स्त्रिया गायला-नाचायला. पेटी, तबला, ढोलकी वाजवायला पुरुष. थिएटरच्या रंगमंचावर तिकीट काढून आलेल्यांसमोर जाहीर खेळ होतो. जाणकार किंवा पैसेवाल्या रसिकाने बोलावले तर लहान खोलीत खासगी बैठक होते. पुण्याचे आर्यभूषण थिएटर हे अशा बाऱ्यांचे जुने आणि प्रसिद्ध ठिकाण. फर्माईश करणे, दौलतजादा करणे हे शब्द याच जगातले.

७/
बारीत दहा वर्षांची मुलगी काय शिकत असेल? आधी पायात चाळ बांधून ठेका. मग पाठांतर. पेशवाईच्या उत्तरकाळातल्या शाहिरांच्या रचना या परंपरेत जिवंत होत्या. सोलापूरचा राम जोशी, पुण्याचा होनाजी बाळा, जेजुरीचा सगनभाऊ, तसेच प्रभाकर आणि परशराम. या लावण्या शृंगारिक असल्या तरी सोप्या नाहीत. राम जोशी संस्कृत जाणणारा कीर्तनकारही होता. त्याच्या रचनेतले लांबलचक समास तोंडात बसवायला जीभ घासावी लागते. अक्षरओळख नसलेल्या मुलींनी हे सारे ऐकून-ऐकून पाठ केले.

८/
पुढची पायरी अदा. बैठकीच्या लावणीचे खरे रहस्य इथे आहे. कलावती बसून गाते. एक ओळ घेते आणि ती पुन्हा पुन्हा म्हणते. प्रत्येक वेळी अर्थ बदलतो. समजा, ओळीत नायिका प्रियकराची वाट पाहते आहे. पहिल्यांदा ती नुसती दाराकडे पाहते. दुसऱ्यांदा दिव्याची वात सारते, म्हणजे रात्र झाली. तिसऱ्यांदा गजरा चाचपते, तो सुकला आहे. चौथ्यांदा भुवई किंचित उंचावते : तो दुसरीकडे तर गेला नसेल? पाचव्यांदा पाठ फिरवते : आता आला तरी बोलणार नाही! शब्द तेच राहतात. गोष्ट पुढे सरकते ती नजर, मान, बोटे आणि पदराच्या टोकावर.

९/
आता प्रश्न असा : ही अदा एकीने करायची आणि गाणे दुसरीने म्हणायचे, असे का चालत नाही? कारण ओळ कितव्यांदा घ्यायची, कुठल्या शब्दावर थांबायचे, स्वर कुठे लांबवायचा हे आधी ठरलेले नसते. समोरचा श्रोता कुठे दाद देतो, कुठे अर्थ निसटतो, हे पाहून कलावती ते त्या क्षणी ठरवते. भुवई उंचावायची असेल तर त्याच क्षणी स्वराला मुरड पडली पाहिजे. निर्णय घेणारे मन एक, म्हणून गाणारी आणि भाव दाखवणारीही एकच. त्यामुळे बैठकीची लावणी प्रत्येक वेळी नव्याने घडते.

१०/
बसून सादर करण्याचेही कारण आहे. उभ्याची, म्हणजे खडी लावणी, मोठ्या जमावासाठी. तिथे लांबून दिसणारी हालचाल हवी आणि ढोलकीची थापही तेवढीच कडक हवी. बैठकीत श्रोता चार हातांवर असतो. तिथे पापणी लवली तरी दिसते. नाच संपलेला नसतो. तो सगळ्या शरीरातून काढून चेहऱ्यात आणि हातात साठवलेला असतो. लय संथ होते आणि गायकीला जागा मिळते. म्हणूनच ही लावणी ठुमरीच्या जवळ जाते. यमुनाबाई पुढे लावणीबरोबर ठुमरी आणि गझलही गात, यात नवल नाही.

११/
या शिक्षणाची किंमतही सांगितली पाहिजे. नाहीतर आपण नुसता सोहळा करू. बारीवर उभी राहणारी मुलगी लग्न करणार नाही, हा रिवाज होता. चाळ बांधले म्हणजे घरच्यांची जबाबदारी तिची. भाऊ, भावजया, भाचरे सगळी तिच्या कमाईवर. लहान वयात मुलींच्या वाट्याला येणाऱ्या या सक्तीचे भेदक चित्र किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनात आहे. समाज रात्री दौलतजादा करायचा आणि सकाळी त्याच बाईला ओळख द्यायचा नाही. कलेचे वैभव आणि कलावतीची कोंडी एकाच खोलीत राहत होती.

१२/
यमुनाबाईंनी तरुणपणीच स्वतःची पार्टी उभी केली. हिरा आणि तारा या बहिणी सोबतीला. ‘यमुना-हिरा-तारा वाईकर’ हे नाव रसिकांच्या तोंडी झाले. रस्त्यावर आईमागे गाणाऱ्या मुलीचे नाव आता जाहिरातीच्या पाटीवर सर्वांत आधी येऊ लागले होते. पार्टीची मालकीण होणे म्हणजे नुसते आघाडीवर गाणे नव्हे. वाजवणाऱ्यांचा पगार, थिएटरशी करार, मुक्काम, उधारी, आजारपण आणि पोरींची काळजी हे सारे तिच्या डोक्यावर. मराठी स्त्रियांच्या व्यावसायिक इतिहासात या मालकिणींना अजून त्यांचे पान मिळालेले नाही.

१३/
त्या काळातल्या कुठल्याही बारीला मुंबई खुणावत असे. गिरण्यांमुळे सातारा, पुणे, कोकण, नगरकडची माणसे परळ-लालबागच्या चाळींत आली होती. गावाकडचे गाणे ऐकायला ती पैसे मोजत. लालबागचे हनुमान थिएटर हे तमाशाचे नावाजलेले ठिकाण या वस्तीमुळेच उभे राहिले. त्याच शहरात हिंदुस्थानी संगीताचे मोठमोठे गवई, तवायफांच्या बैठका, ग्रामोफोन कंपन्या आणि नाटक मंडळ्याही होत्या. यमुनाबाईंच्या पार्टीनेही मुंबई गाठली. वाईच्या वाटेवर तयार झालेला गळा इथे वेगळ्या गायकीच्या शेजारी येऊन बसला.

१४/
याच काळात स्त्री-कलावंतांच्या जगात मोठी उलथापालथ चालू होती. हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्या गायिका तिकीट लावून जाहीर मैफली करू लागल्या आणि स्त्रीच्या अभिजात गायनाला मध्यमवर्गीय घरांत प्रतिष्ठा मिळत गेली. पण ती प्रतिष्ठा मिळताना एक अट न बोलता लागू झाली : गायिकेने स्थिर बसून गावे, हावभाव करू नयेत. जिच्या गाण्यात अदा होती, ती या नव्या दिवाणखान्याच्या बाहेर राहिली. गळा शुद्ध मानला गेला आणि शरीर संशयित ठरले. लावणी नेमकी या दोघांच्या सांध्यावर उभी होती.

१५/
मग आला सरकारी दणका. स्वातंत्र्याच्या आसपास मुंबई राज्यात बाळ गंगाधर खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. विरोध झाल्यावर दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा सुचवण्यासाठी समिती नेमली गेली. पुढे अटी घालून, संहिता तपासून खेळांना परवानगी मिळू लागली. वग लिहून दाखवता येतो. तो तपासता येतो. पण बैठकीच्या लावणीत अर्थ भुवईत असतो. त्याची संहिता कुठल्या टेबलावर ठेवायची? ‘सुधारलेल्या’ तमाशाला लोकनाट्य म्हणून सुशिक्षितांच्या रंगमंचावर जागा मिळाली. संगीत बारीला ती मिळाली नाही.

१६/
दुसरा धक्का चित्रपटाचा. आणि तो प्रेमाचा होता, म्हणून जास्त खोल गेला. १९४७ मध्ये ‘लोकशाहीर राम जोशी’, १९५९ मध्ये ‘सांगत्ये ऐका’, १९७२ मध्ये ‘पिंजरा’. या चित्रपटांनी लावणी घराघरांत नेली. ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद थिएटरात शंभराहून अधिक आठवडे चालला. पण पार्श्वगायनाच्या तंत्राने लावणीचे दोन तुकडे केले. आवाज स्टुडिओत आधी मुद्रित व्हायचा आणि नाच नंतर त्यावर बसवला जायचा. कोणत्या क्षणी काय करायचे हे ठरवणारे एक मन आता उरले नाही.

१७/
या विभागणीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सुलोचना चव्हाण. १९६० च्या दशकापासून त्यांच्या ठसकेबाज आवाजाने लावणी गाजवली. पण कार्यक्रमात त्या डोक्यावरून पदर घेऊन, स्थिर उभ्या राहून गात. केवळ आवाजात अदा भरण्याचे त्यांचे सामर्थ्य विलक्षणच होते. त्यांचा गौरव कमी करण्याचा इथे हेतू नाही. पण एक गोष्ट पाहा : लावणी सभ्य घरात आली ती नाच दाराबाहेर ठेवून. आणि नाच पडद्यावर आला तो दुसरीच्या आवाजावर. दोन्ही अर्धी लोकप्रिय झाली. पूर्ण लावणी बारीतच राहिली आणि तिचा श्रोता घटत गेला. बारीतले प्रेक्षकही चित्रपटातल्या गाण्यांचीच फर्माईश करू लागले.

१८/
असे फक्त महाराष्ट्रात घडले का? मद्रासकडे पाहू. यमुनाबाईंहून अडीच वर्षांनी लहान असलेल्या बालसरस्वती (१९१८–१९८४) देवदासी परंपरेतल्या, वीणा धनम्माळ यांची नात. १९४७ मध्ये मद्रास प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. त्यांच्या घराण्यातले नृत्य ‘भरतनाट्यम’ या नावाने उच्चवर्णीय रंगमंचावर गेले. बालसरस्वती मात्र अखेरपर्यंत संगीत आणि नृत्य वेगळे मानायला तयार नव्हत्या. अभिनय करताना त्या स्वतः गात. म्हणजे वाई आणि मद्रास इथल्या दोन स्त्रिया, एकमेकींपासून दूर राहून, एकच गोष्ट सांभाळत होत्या. फरक एवढाच, की एकीच्या कलेला ‘शास्त्रीय’ म्हटले गेले आणि दुसरीच्या कलेला ‘लोककला’.

१९/
१९७५ मध्ये दिल्लीत यमुनाबाईंचा कार्यक्रम झाला आणि त्यांच्यासोबत सादरीकरणाला होते पंडित बिरजू महाराज. कथकचा त्या काळातला सर्वांत तेजस्वी नर्तक आणि साठीला टेकलेली लावणीची कलावती. ही जोडी वरवर पाहता विजोड वाटेल. बिरजू महाराज लखनौच्या कालका-बिंदादीन घराण्याचे. त्यांचे चुलत आजोबा बिंदादीन महाराज ठुमऱ्या रचत. काका शंभू महाराज बसून ठुमरी गात आणि एकाच बोलावर भावाचे अनेक पदर दाखवत. याला तिकडे ‘भाव बताना’ म्हणतात.

२०/
म्हणजे लखनौच्या दरबारी परंपरेत पुरुष जे करत होते, तेच वाईची बाई करत होती. ओळ तीच ठेवून अर्थ फिरवणे, बसल्या जागी सगळा प्रसंग उभा करणे, गाणाऱ्यानेच भाव दाखवणे. कथकच्या एका घरंदाज वारसाला लावणीत परकेपण वाटले नसेल तर त्याचे कारण हे आहे. दोन्ही कलांची मुळे एकाच बैठकीच्या संस्कृतीत आहेत. एका बैठकीला नबाबाचा आश्रय होता आणि तिला घराणे म्हटले गेले. दुसरी रस्त्यावरून, बाजारातून, बारीतून आली, म्हणून तिला धंदा म्हटले गेले.

२१/
१९७७ मध्ये यमुनाबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये पद्मश्री. तेव्हा त्यांचे वय होते ९६. लोक त्यांना लावणीसम्राज्ञी म्हणू लागले होते. १५ मे २०१८ रोजी वयाच्या १०३ व्या वर्षात त्यांचे निधन झाले. आकड्यांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट टोचते. दहाव्या वर्षी बारीत गेलेल्या मुलीला देशाची पहिली मोठी दाद साठी उलटल्यावर मिळाली. मधली पन्नास वर्षे ती शिकत होती, गात होती, पार्टी चालवत होती. त्या पन्नास वर्षांत तिची कला कमी प्रतीची नव्हती. आपली पाहण्याची तयारी नव्हती.

२२/
इतिहासाचे विद्यार्थी म्हणून यातून काय घ्यावे? लावणीचा इतिहास आपण शाहिरांच्या नावांनी शिकतो, कारण त्यांच्या रचना हस्तलिखितांत टिकल्या आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासारख्या संग्राहकांनी त्या विसाव्या शतकाच्या आरंभी छापून काढल्या. शब्द वाचले. पण चाल छापता आली नाही. ओळ कितव्यांदा घेतल्यावर कुठे पाहायचे, हे छापता आले नाही. ते ज्ञान गीताबाईंसारख्या आयांनी मुलींना आणि मालकिणींनी शिष्यांना दिले. शाहिरांच्या शेवटच्या ओळीत त्यांचे नाव असते. गाणारणीचे नाव कुठेच नसते.

२३/
पेशवाईतली लावणी आपल्यापर्यंत दोन वाटांनी पोहोचली : कागदाच्या आणि गळ्याच्या. कागदाच्या वाटेवर विद्वानांचे दिवे आहेत. गळ्याच्या वाटेवर अलीकडे कुठे उजेड पडू लागला आहे. भूषण कोरगांवकर यांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक आणि सावित्री मेधातुल यांच्यासह उभा राहिलेला त्याच नावाचा रंगमंचीय प्रयोग पाहावा. तिथे बारीतल्या स्त्रियांचे आयुष्य आणि बैठकीची अदा पुन्हा एका जागी भेटतात.

२४/
आणि एक सोपा अभ्यास. यमुनाबाईंचे एखादे जुने ध्वनिचित्रमुद्रण मिळाले तर पाहा. पहिल्यांदा डोळे मिटून ऐका. चांगले गाणे ऐकल्यासारखे वाटेल. दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहा. वयस्क बाईंचा सुंदर अभिनय दिसेल. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र घ्या. जिथे स्वर थबकतो तिथेच नजर का वळते, हे लक्षात येईल. चित्रपटाने जे वेगळे केले ते या बाईंच्या अंगात शेवटपर्यंत एकत्र होते. त्या एकत्रपणाचे शिक्षण वाईच्या रस्त्यावर, आईच्या मागे चालताना सुरू झाले होते.

थ्रेड समाप्त.